मेस्त्रीची घंटा

४ मार्च, सोमवार
उघडला! शेजारच्या गाळ्यात बारच उघडला. मधे एका विटेची भिंत. तिकडे बूच निघालं की इकडे माझा घसा आवंढा गिळतो. कान हेच माझं भांडवल — गाडी आत येईपर्यंत इंजिनाचं दुखणं सांगतो. या कानांवर गॅरेज उभं केलं. आता तेच वैरी झाले.

बारवाला हसतमुख. ‘मेस्त्री, शेजारधर्म म्हणून पहिला पेग आमच्याकडून!’ म्हटलं, ‘सोडली हो केव्हाच. शेजारधर्म पाळायचा तर गाणी हळू लावा.’ दोघंही हसलो. खिशात माझी मूठ आवळलेली.

५ मार्च
बायकोला सांगितलं. भाजी चिरणारी तिची सुरी थांबली नाही. ‘पुन्हा तोंडाला लावलीत तर मी ताईकडे जाईन. या वेळी परत येणार नाही.’ ती बोलते ते करते.

गॅरेज विकू? मग मी कोण उरतो?

६ मार्च
साडूबुवा आले — त्या ताईंचे यजमान. चर्चमध्ये प्रार्थना चालवतात. मला गटारातून उचलून आणलं ते यांनीच. खोकला तोच — किक मारून मारून सुरू न होणारी स्कूटर!

म्हणाले, ‘स्वतःच्या जोरावर लढशील तर तोंडावर पडशील. ती चाकाची जुनी रिम टांगली आहेस ना? तहान उठली की हातोडीनं एक हाण आणि म्हण — प्रभू, दया कर. तेवढा वेळ तरी हात रिकामा नाही.’

‘दादा, तुम्हाला कधी मोह होत नाही?’

‘माझं सोड रे.’ आणि पुन्हा स्कूटर.

८ मार्च
रिम वाजवली. भिंतीपलीकडून — ‘वाजली मेस्त्रीची घंटा! भरा रे ग्लास!’ माझी प्रार्थना त्यांचा भोंगा झाली! मलाही हसू आलं. हसू ओसरलं, तहान तिथंच.

९ मार्च
कानांत कापूस. काय ती शांतता!

११ मार्च, सोमवार
कापूस भोवला. शनिवारी ‘ठीक आहे’ म्हणून सोडलेली टॅक्सी परत आली. ‘काय मेस्त्री, बहिरे झालात? पुढच्या चाकाचं बेअरिंग ओरडतंय, गल्लीतली कुत्री भुंकतात त्याच्यावर! आणि माझ्या गाडीत शाळेची पोरं असतात!’ टॅक्सी लगेच जॅकवर चढवली.

कापूस फेकला. कान उघडे तर बार, बंद तर बेअरिंग. इकडे आड, तिकडे विहीर.

१३ मार्च, बुधवार
पलीकडे खोकला. किक मारली — सुरू नाही. पुन्हा किक.

माझे कान चुकत नाहीत. आज चुकावेत असं फार वाटलं. मग तोच आवाज, हळू — ‘अजून एक. पाणी नको.’

लिहायला लाज वाटते, पण पहिल्यांदा झाला तो आनंद! दादा पितात, तर मी कोण मोठा लागून गेलो? मग राग — रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर विचारावं. मग ताई आठवल्या. बायको ज्या घरी निघून जाणार, त्या घरातही हेच!

मागच्या बोळात गेलो. बारच्या दाराचा पडदा हातात धरला. त्यांना उठवायला, की शेजारी बसायला? खरंच ठाऊक नाही. आतून वास आला. माघारी पळालो.

रिमपर्यंत हात उचलवेना. ज्या दोरीला लटकलो होतो तिचं वरचं टोकच सुटं निघालं. तेलकट फरशीवर बसलो. म्हटलं, प्रभू, माझ्यात जोर नाही. त्यांच्यातही नाही. आता तूच काय ते बघ.

१४ मार्च
प्यायलो नाही. कोणाला सांगितलंही नाही. दोन्ही जड गेलं.

१५ मार्च, शुक्रवार
दुपार. पुन्हा तो खोकला. रिमवर एकच घाव घातला. पलीकडे हशा — ‘वाजली घंटा!’ खोकला मात्र थांबला. मग भिंतीवर, अगदी खाली, बोटाच्या पेरानं — ठक.

मागचं दार उघडं ठेवलंय. दोघांपुरता चहा टाकलाय. बोळात स्कूटर अजून सुरू होत नाहीये — पण जवळ येतेय.