घरच्या बिअरचा राउंड

१० जानेवारी, शनिवार. रेनमार्क. इथला जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, बाहेर ४३ अंश.
काल पबमध्ये पुन्हा तेच. पाणी तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेतले आम्ही चौघे दर शुक्रवारी जमतो. एकेकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी राउंड घ्यायचा. मी एक ग्लास पिऊन निघते, त्यामुळे माझी वेळ येत नाही. हे गणित आहे, कंजूषपणा नाही. पण कोस्टा म्हणाला, हिचा हात पाकिटाकडे गेला ना, तर नदी उलटी वाहील. सगळे हसले. मीही हसले, योग्य तेवढी.

मार्चमध्ये नमुने गोळा करायला बोट जाणार. तीन आठवडे, तिघांची जागा. बोट डेस्लीची, माणसंही तीच निवडते. ती स्वतः आणि कोस्टा नक्की. उरलेली जागा माझी किंवा रिसची. माझ्या मोजमापात आजवर चूक निघालेली नाही, तेव्हा प्रश्नच नाही. डेस्ली मात्र म्हणते, मोजमाप काय, शिकवता येतं. तीन आठवडे तोंड कुणाचं बघायचंय ते महत्त्वाचं.

११ जानेवारी.
निर्णय. बिअर घरी करायची, कमीत कमी खर्चात, आणि सगळ्यांना भरपूर पाजायची. मागचे सगळे राउंड एकदम फिटतील. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि वायू सोडतं. रसायनशास्त्राची पदवी असलेल्या माणसाला न जमण्यासारखं यात काही नाही.

१४ जानेवारी.
जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानातून झाकणाची बादली आणली. नळ बसवलेली बादली महाग. नळ लागतो नवशिक्यांना. सुपरमार्केटमधून माल्टच्या पाकाचा डबा. यीस्टची पुडी त्याच्या झाकणाखालीच असते. रिकाम्या बाटल्या कोस्टाकडून. एरवी तो त्या रिकाम्या बाटल्यांच्या डेपोत परत देऊन पैसे घेतो. म्हणाला, ने बाई, ने, माझ्या पोरीचं आइस्क्रीम बुडवून ने.

१७ जानेवारी, शनिवार.
बिअर घातली. बादली बाथटबमध्ये, भोवती ओला टॉवेल, समोर पंखा. आत २४ अंश. उत्तम. दुपारी झाकण उघडून पाहिलं. संध्याकाळीही. निरीक्षणाशिवाय शास्त्र नाही.
आंघोळ सिंकपाशी उभं राहून. चालतं.

१९ जानेवारी.
डेस्लीला सहज सांगितलं. तिचे वडील जन्मभर शेडमध्ये बिअर करायचे. ती म्हणाली, अगं, झाकण लाव आणि विसरून जा. आमचे बाबा तर त्या बादलीवरच बसून रेडिओवर क्रिकेट ऐकायचे, आम्ही पोरांनी उघडू नये म्हणून!
तिच्या बाबांकडे घनता मोजायची काचनळी नसावी. माझ्याकडे आहे.

२० जानेवारी. उघडलं. घनता उतरली.
२१ जानेवारी. उघडलं. तेवढीच.
त्याच संध्याकाळी. खात्रीसाठी पुन्हा. मोजून झालेला नमुना परत बादलीत ओतते. काटकसर म्हणजे काटकसर.

२४ जानेवारी.
बारीक माश्या. चहूकडे द्राक्षमळे, माश्या असणारच. दोन बादलीत पडल्या. चहाच्या गाळणीने काढल्या. आम्लता वाढते आहे. आलेखावर इतकी सरळ रेष क्वचित मिळते.

३१ जानेवारी.
चव घेतली. किंचित आंबट. बेल्जियममध्ये लोक अशा बिअरला जास्त पैसे देतात. वायू धरावा म्हणून बाटलीगणिक थोडी साखर घालून बुचं लावली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.
रिसने पबमध्ये विचारलं, काय गं, तुझी बिअर लागते कशी? मी म्हटलं, गुंतागुंतीची. त्याने आपली पाळी नसताना राउंड घेतला. दिखाऊपणा. डेस्ली त्याच्या कुठल्याशा विनोदावर टेबल बडवत हसत होती. विनोद साधारण होता.
मी लवकर निघाले, बाटल्या बघायच्या होत्या. एक उघडली. नाकात चढली. वायू नीट मुरला असावा.

२६ फेब्रुवारी.
उद्या प्रयोगशाळेमागे नदीकाठी बार्बेक्यू. डेस्ली तिथेच नाव सांगणार. बाटल्या बर्फात ठेवल्यात. गार बिअरचा आंबटपणा जाणवत नाही. हे मी सिद्ध केलेलं नाही, पण तर्काला धरून आहे. सारखी उठून बर्फ बघते आहे. बर्फ ठीक आहे.

२८ फेब्रुवारी, शनिवार.
कालचा अहवाल.
मी उभी राहून म्हटलं, आजचा राउंड माझा. कोस्टा नदीकडे वळून बघू लागला, उलटी वाहतेय का. सगळ्यांना ओतली. सगळ्यांनी घोट घेतला. रिस म्हणाला, वेगळी आहे. कोस्टाने डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. डेस्लीने पेला उन्हात धरला, पुन्हा एक घोट घेतला. मग बाटली उचलून सरळ गरम चिप्सवर, बटाट्याच्या तळलेल्या कापांवर, उपडी केली. म्हणाली, अगं, हे अस्सल माल्ट व्हिनेगर आहे, आणि झकास जमलंय!
इथे चिप्स आणि मासे व्हिनेगर शिंपडूनच खातात; सगळे तुटून पडले. कोस्टा बोटं चाटत म्हणाला, अजून एक बाटली फोड. माझ्या हातचं इतक्या आवडीने आजवर कुणी खाल्लेलं नाही.
मग सगळ्यांना तहान लागली. रिसने आपल्या बर्फाच्या पेटीतून बिअर काढून वाटली. मलाही दिली. म्हणजे राउंड त्याचाच झाला.
बोटीवर तोच जाणार.
डेस्ली मला बाजूला घेऊन म्हणाली, तुझ्या कामात खोट नाही गं. पण तीन आठवडे तू माझ्याकडे बघशील की माझ्या शेजारच्या थर्मामीटरकडे, हे मला कळेना. मी म्हटलं, समजलं. मग ती म्हणाली, बोटीवर रोज मासेच असतात; या व्हिनेगरच्या थोड्या बाटल्या देशील? मी विचारलं, नेमक्या किती. ती म्हणाली, अंदाजे दे.
हो म्हटलं. आवाज नीट आला. हात धुवायच्या निमित्ताने नदीपर्यंत गेले आणि परतायला जरा उशीर केला.
आले तेव्हा चिप्स संपल्या होत्या.