देवळातली उसनी लुंगी

रविवार, १२ फेब्रुवारी

प्रिय भोपळ्या,

अनेक आशीर्वाद. चाळिशी गाठलीस, टक्कल पडलं, तरी माझ्यासाठी तू भोपळ्याच. आम्ही इकडे मजेत. तुझी बायको-पोरं ठीक असतील असं धरून चालते.

मागच्या फोनवर तू विचारलंस, "ताई, खरं सांग, आई कशी आहे? मी नोकरी टाकून येऊ का?" आणि मी "बरी आहे" म्हणून फोन ठेवून दिला. आई शेजारीच बसली होती, काय बोलणार? आता सांगते. पण आधी देऊळ.

तूच फोटो पाठवला होतास ना, ते मोठं देऊळ? परवा बघून आलो. आई, मी आणि तुझे भाऊजी. बापरे, काय तो पसारा! जिकडे तिकडे संगमरवर. छताकडे बघून बघून मान अवघडली. खांबाखांबावर हत्ती, मोर, नाचणाऱ्या बायका, आणि प्रत्येकीचा चेहरा वेगळा. दारातच फोन काढून घेतात, चपला ठेवून बिल्ला देतात. फरशी इतकी गार, की दमलेल्या माणसाने तिथेच आडवं व्हावं.

आई चालत होती. "इकडे बघ" म्हटलं की इकडे बघायची, "बस" म्हटलं की बसायची. तुला फोनवर ऐकू येतं ते "हो, हो" एवढंच आम्हालाही मिळत होतं. भोपळ्या, बाबा गेल्यापासून ती कशालाच नाही म्हणत नव्हती. आमटीत मीठ नसलं तरी खायची, पंखा बंद पडला तरी घामाघूम बसून राहायची. आपली आई! जिने भाजीवाल्यापासून तुझ्या प्रिन्सिपॉलपर्यंत कुणाला सोडलं नाही! डॉक्टर म्हणाले, वाट बघा. मला मात्र वाटायला लागलं होतं की बाबांच्या मागोमाग तीही निघालीय, फक्त सावकाश. झालं, लिहिलं एकदाचं.

तर भाऊजी. शाळेत एवढे कडक हेडमास्तर, पण सुट्टी म्हणून फुलाफुलांची हाफ पँट घालून आले. मी सांगून थकले. दारावरच्या बाईंनी अडवलंच. "गुडघे झाकावे लागतील," म्हणाल्या आणि लुंगीसारखं एक वस्त्र हातात दिलं. जाताना परत करायचं. भाऊजींनी तोंड वाकडं करत कशीबशी गाठ मारली, आणि आत शिरताच पुढे होऊन आम्हाला खांबांची माहिती द्यायला लागले. मागे वर्ग आहे की पळाला, हे बघायची पद्धतच नाही त्यांच्यात.

मी मोरांत अडकले होते. तेवढ्यात घुमटाखाली आवाज घुमला, "जावईबापू, थांबा! तुमचं खालचं मागेच राहिलं!"

आईचा आवाज! बघते तर लुंगी फरशीवर पसरलेली, आणि भाऊजी चार खांब पुढे, फुलाफुलांच्या पँटीत, हात वर करून हत्ती समजावून सांगतायत. पहारेकरी शिट्टी फुंकत धावला. पर्यटकांचा अख्खा घोळका वळून बघायला लागला. आणि आई हसत सुटली. साधंसुधं नाही, पोट धरून, खांबाला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पहारेकरी म्हणाला, "आजी, देवळात शांतता ठेवा." तर म्हणते कशी, "ठेवते हो, पण आधी ह्यांना झाका!"

दर्शनाला उभी राहिली तरी हसू आवरेना. हात जोडायचेच राहून गेले. देव समजून घेईल.

बाहेर पायऱ्यांवर बसलो, तेव्हा एकदम म्हणाली, "तुझे बाबा असते ना, तर जावयाला हसतेस म्हणून मला ओरडले असते. आणि स्वतः तोंड फिरवून हसले असते." बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच तिने त्यांचा विषय काढला. मग रडली, चांगली हमसून रडली. मी थांबवलं नाही. भाऊजी पाण्याची बाटली उघडून धरून उभे होते. मला ते तेव्हा फार आवडले, पण त्यांना सांगू नकोस, डोक्यावर बसतील.

म्हणून म्हणते, नोकरीबिकरी टाकू नकोस. रजा काढून ये, निवांत. आणि शिव्या खायची तयारी ठेव.

आज सकाळी चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाली, "हा चहा आहे की पातेलं विसळलेलं पाणी?" इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "किती वाळलीस गं. तुझ्याकडे कुणी बघत नव्हतं का?"

भोपळ्या, बाबा गेले तेव्हापासून मी रडले नव्हते. तिच्यासमोर कशी रडणार? आज तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, पन्नाशीची बाई. ती केसांतून हात फिरवत होती आणि तेल लावत नाहीस म्हणून बोलतही होती.

आत्ता आतून ओरडतेय, "ते लिहिणं पुरे, जरा आडवी हो!" "येते" म्हटलं, तर म्हणते, "येते नाही, ये!" जाते बाबा.

तुझी ताई,
आणि आजपासून पुन्हा कुणाची तरी लेक