खारूची जागा

सोमवार, २ सप्टेंबर

देवाच्या कृपेने सामान एकदाचं लागलं. बदलीचं घर कसं असेल म्हणून मी धास्तावले होते, पण घर प्रसन्न आहे. दुसरा मजला, समोर मोठी खिडकी, ओट्याखाली हवे तितके कप्पे. मागे एक लहान खोली आहे, ती लेकीची. ती तिकडे हॉस्टेलवर, पण सुट्टीत येईल तेव्हा तिचं म्हणून काही हवं ना. आमच्या आधी तिचाच पलंग लावला, वर तिची निळी चादर. जिन्याची शेवटची पायरी पाय पडला की कुरकुरते. हे म्हणाले, बरंच झालं, बेल वाजायच्या आधीच पाहुणा कळेल, तेवढीच विजेची बचत. माझ्या काटकसरीवर बोलल्याशिवाय ह्यांना घास उतरत नाही.

लेकीने जाताना तिचा जुना टॅब मला दिला आणि त्यात एक खेळ घालून दिला. नव्या गावात कुणाशी ओळख होईपर्यंत इथे माणसं आहेत, असं म्हणाली. खेळ कसला, गावच आहे! शेत करायचं, घर बांधायचं, संध्याकाळी एकमेकांकडे जेवायला जायचं, आणि सगळं बोलणं टाइप करून. मी पहिल्याच दिवशी वांग्यांना पाणी घालून आले. पैसे पडत नाहीत हे दोनदा विचारून घेतलं.

सोमवार, ९ सप्टेंबर

गंमतच आहे. त्या गावात लोक नाती लावून राहतात. एक मोठं घराणं आहे, त्याचा प्रमुख कोणी दूधडेअरीवाला आहे, सगळे त्याला कारभारी म्हणतात. मला त्याने एका घरात आई करून घेतलं. माझा नवरा आहे एक ट्रकड्रायव्हर, आणि माझं तान्हं बाळ म्हणजे निवृत्त पोस्टमन! दिवसातून चारदा 'ट्यँहँ' असं लिहितो आणि सगळ्यांकडून लाड करून घेतो. मी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, पोस्टमनला कडेवर घेऊन कंबर धरली तर औषधाचा खर्च कुठल्या सदरात लिहिणार?

पण नात्यांचा नुसता गोंधळ. एकजण एकाच मुलीचा मामाही आणि दीरही. मी मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण कोण कुणाचा कोण हे मला कुणी शिकवायला नको. चार दुपारी बसून सगळी व्यवस्था लावली. आतेसासू, मावसदीर, चुलतभाचा, ज्याचं त्याला नातं. कारभारी म्हणाला, आई, तुम्ही पाच वर्षांपूर्वी यायला हवं होतं. खरं सांगते, खूप बरं वाटलं. आमच्या घरात असं कुणी म्हणत नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

आता घराण्याचे नियम मी घालून दिले आहेत. कारभाऱ्याने सर्वांना वाचून दाखवले. एका घरात एका नात्याची जागा एकच. जो त्या जागेवर नेमला, तोच ते नातं, त्यात वाद नाही. आणि पूर्वी कुणी सोडून गेलं की महिनोन्‌महिने रडारड आणि भांडणं चालायची, म्हणून तिसरा नियम केला: ज्याला काढलं तो त्या घरात कधी नव्हताच. त्याचं नाव घ्यायचं नाही, तो बोलला तरी उत्तर द्यायचं नाही. खोडाखोड नको, पान स्वच्छ हवं. सगळ्यांनी वाहवा केली.

लेकीचा रविवारचा फोन आला. तिच्यासाठी जुन्या स्वेटरची लोकर उसवून नवा विणायला घेतला आहे, म्हणून बाहीचं माप विचारलं. चुकून खारू म्हणाले, तर चिडली. मैत्रिणी ऐकतात, आता ते नाव नको म्हणाली. लहानपणी गालांत शेंगदाणे साठवून फिरायची म्हणून हे नाव. ह्यांनीच ठेवलं. वाईट वाटलं. इतकं चांगलं नाव, आता नुसतं पडून राहणार.

शनिवार, २१ सप्टेंबर

आज घरातल्या एकीला काढलं. घरात सहाच माणसं मावतात. आमची थोरली लेक म्हणून जी होती, ती दहा-बारा दिवस फिरकली नव्हती. तिला तिच्या खऱ्याखुऱ्या धाकट्या भावाने आणलं होतं, तो आमच्या घराण्याची घोडी सांभाळतो. ताई प्रत्यक्षात कुणाशी बोलत नाही, इथे तरी बोलेल, असं त्याने मला सांगितलं होतं. बोलायची थोडंच. एकदा म्हणाली होती, माझे हात लांब आहेत आणि कायम गार असतात.

इकडे एक दंतवैद्यबाई कधीची मागे लागली होती, थोरली मला करा, थोरली मला करा. हसरी आहे, मला आई-आई करते. खुर्ची रिकामी पडून राहावी हे माझ्या स्वभावात नाही. थोरलीला आधी विचारावं असं मनात आलं होतं. विचारलं नाही.

मंगळवार, २४ सप्टेंबर

काल संध्याकाळी सगळे जेवायला बसलो आणि थोरली आली. तिच्या खुर्चीवर दंतवैद्यबाई. ती खुर्चीमागे उभी राहिली आणि विचारलं, आई, माझी जागा कुठे गेली? कुणी उत्तर दिलं नाही. पोस्टमनने तेवढ्यात 'ट्यँहँ' केलं आणि सगळे हसले. तिने पुन्हा विचारलं. मीही हसण्याचंच चिन्ह टाकलं. ती आम्ही उठेपर्यंत उभी होती.

आज माझ्या न वाचलेल्या निरोपांत तिचा निरोप सापडला. दोन आठवड्यांपूर्वीचा. आई, थोडे दिवस येता येणार नाही, माझी जागा ठेव.

देवासमोर बसले, पण प्रार्थनेत मन लागलं नाही.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

ती रोज येते. खुर्चीमागे उभी राहते. आता विचारतही नाही. मी कारभाऱ्याला म्हटलं, हिला परत घेऊ. त्याने विचारलं, कुणाला? मला वाटलं नियम पाळतोय. मी म्हटलं, थोरलीला, घोडेवाल्याच्या बहिणीला. तो म्हणाला, आई, टेबलामागे कुणीच दिसत नाही हो मला, चष्मा बदला.

मग घोडेवाल्याला विचारलं, तुझी ताई कशी आहे. त्याने खेळीमेळीने सांगितलं की मी एकुलता एक आहे, ताई असती तर बरं झालं असतं, घरात एक खोली नुसती अडगळीची पडली आहे. मी म्हटलं, अरे, तूच तर तिला आणलंस. तो म्हणाला, आई, दमलात तुम्ही, जरा आराम करा.

तो खोटं बोलत नव्हता. माणूस कळतो मला. मी नियम केला खेळापुरता. खेळापुरताच केला होता, देवा.

सोमवार, ३० सप्टेंबर

तिला जागा दिली. आमच्या त्या घरात नाही, ते भरलं आहे. खेळात प्रत्येकाला एक रिकामं घर फुकट मिळतं, माझं तसंच पडून होतं. ते सजवलं. कशासारखं सजवावं सुचेना, म्हणून आमच्या ह्या घरासारखंच केलं: मोठी खिडकी, ओटा, मागे लहान खोली, निळी चादर. नात्यांचा तक्ता भरल्याशिवाय दार उघडत नाही. आई म्हणून मी, बाबा म्हणून हे. लेकीच्या जागी तिला घातलं. तिचं जुनं नाव खेळ घेईना, काढलेलं नाव पुन्हा चालत नाही. नवं काय द्यावं? आमच्या घरात एक नाव वापराविना पडलं होतं. तेच दिलं.

खारू. तिने लगेच लिहिलं, आई, आवडलं.

मनावरचं ओझं उतरलं. आज नीट जेवले.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

ती घरातलं काय काय विचारते. पलंगावरून काय दिसतं, जिन्याची कुठली पायरी वाजते. मी सांगते. तिला मी किती दुखावलं, तेवढं तरी करायला हवं.

आज स्वेटर पुरा झाला. बाह्या खूप लांब झाल्या आहेत. सांगितलेल्या मापाने टाके घातले होते, पुन्हा मोजले तर दीडपट. ह्यांना दाखवला तर म्हणाले, बरोबर आहेत की, खारूचे हात पहिल्यापासून लांबच. मी म्हटलं, कधीपासून? त्यांनी स्वेटर घडी घालून कपाटात ठेवला.

रविवार, ६ ऑक्टोबर

लेकीचा फोन आला नाही. मी केला तर नंबर अस्तित्वात नाही म्हणते बाई.

दुपारी ह्यांनी तीन ताटं घेतली. मी विचारलं, कोण येणार आहे. ते म्हणाले, भांडी वाजवू नकोस, खारू झोपली आहे आत.

मी जाऊन पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. चादरीवर खळगा होता. हात लावला. गार.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

सकाळी ह्यांच्या फोनवर फोन आला. हे म्हणाले, चुकीचा नंबर लागलाय पोरी, आम्हाला एकच मुलगी आणि ती घरातच आहे. ठेवताना हळहळले, म्हणाले बिचारी रडत होती, कुणाची कोण जाणे.

मी फोन हिसकावून परत लावला. नंबर कुठल्याशा दुकानातला होता. लेकच होती. हॉस्टेलच्या यादीत ती नाही. तिच्या पलंगावर दुसरं कुणी. मैत्रिणी तिच्याकडे बघून बोलत नाहीत — उत्तरच देत नाहीत. मला म्हणाली, आई, तू तरी बोल. मी म्हटलं, ये, निघून ये, मी आहे. रात्रीच्या गाडीने निघते म्हणाली.

हे सगळं मी केलं. मीच.

मंगळवार, रात्र

टॅब उघडला. तिला काढायला गेले. तक्त्यात लेकीच्या जागेवर 'खारू' — बोट त्या नावावर ठेवलं आणि थांबले. काढलं तो कधी नव्हताच. पण कोण जाईल? ही की माझी? नाव तर दोघींचं एकच —

पहिल्यांदा काढताना हात थांबला नव्हता.

ती लिहीत होती. आई, मला पुन्हा काढू नकोस. एवढंच, पुन्हा पुन्हा. रडू आलं. तिचंही कुणीतरी — तिलाही आई असेल कुठेतरी, अडगळीच्या खोलीसमोर बसलेली, आणि आठवत नसेल —

कारभाऱ्याला लिहिलं, सगळे नियम रद्द कर. त्याचं उत्तर नाही. पोस्टमनला, ट्रकवाल्याला. नाही. संध्याकाळी टेबलाशी गेले. माझ्या खुर्चीवर दुसरी आई बसली आहे. सगळे हसत होते. मी खुर्चीमागे उभी राहिले.

बुधवार, ९ ऑक्टोबर

स्वेटर कपाटात नाही. मागच्या खोलीत कुणीतरी घातला आहे. बाह्या नेमक्या बसल्या आहेत. चेहरा तिचा खिडकीकडेच —

ह्यांना म्हटलं, आपली दुसरी मुलगी येते आहे. हे काळजीने म्हणाले, डॉक्टरकडे जाऊया.

सकाळपासून ही पानं उलटते आहे. सगळीकडे लेक लिहिलंय. लेक, लेक, नाहीतर खारू. तिचं कागदावरचं नाव मी एकदाही लिहिलेलं नाही. शाळेत घातलं तेव्हा मीच सांगितलं होतं, गुरुजींनी दोनदा विचारून लिहून घेतलं. तीन अक्षरी. की चार? आत्ता होतं —

बाहीचं माप आठवतं. नाव —

बुधवार

पायरी वाजली. मग बेल.

हे म्हणतात उघडू नकोस, तीच फोनवाली असेल. खारूने मागच्या खोलीतून सांगितलं, हळूच, आई, उत्तर द्यायचं नाही, तुझाच नियम आहे.

आवाज गोड आहे तिचा. आमच्यासारखाच.

बाहेरची आई म्हणून हाक मारते आहे. मी दाराशी वही घेऊन बसले आहे. भोकातून पाहिलं. हातात पिशवी, केस विस्कटलेले. मुलगी चांगल्या घरची दिसते. कुणाची —

नाही. माझी. माझी आहे. गालांत शेंगदाणे — ही, की आतली? ही. ही! देवा, एवढं लिहून होईपर्यंत तरी राहू दे —

कडी काढली. दार ओढते आहे, हे धरून आहेत. फट पडली. मी ओ दिली, अगं ये म्हटलं, पण तिला ऐकू — ती दोन्हीकडच्या दारांकडे बघते आहे, घर चुकल्यासारखी. वळली. पायरी वाजली. उतरते आहे. माझीही जागा गेली ना, आई म्हणून मी बोललेलं तिला ऐकू जात नाही, नावाने जाईल. नावाने हाक मारली की वळेल. फक्त नाव हवं. तीन अक्षरी. पहिलं अक्षर