समुद्रातून पायी गेलेल्या शालूस

प्रिय शालू,

परवा अलिबागहून परत आलो. काल शाळेत निघताना सँडल झटकली तर तिच्यातून चमचाभर वाळू पडली. ती झाडून टाकायची सोडून मी कागदाच्या पुडीत बांधली आणि तुझ्या फोटोपाशी ठेवली. मग स्वतःचाच संशय आला. चोपन्नाव्या वर्षी माणूस पुड्या बांधायला लागला, म्हणजे त्याचं काहीतरी बिघडलंय. ते काय बिघडलंय हे बघायलाच पत्र लिहायला बसलो आहे. हे पत्र माफीचं आहे की चौकशीचं, ते अजून माझंही ठरलेलं नाही.

होय, अलिबाग. तुझं अलिबाग. ज्याच्यावर मी सत्तावीस वर्षं हसलो ते.

तू डी.एड.ला वाशिमला असताना तुमची सहल गेली होती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तू मला त्या सहलीतला किल्ला सांगितलास. समुद्रात किल्ला, चारी बाजूंनी पाणी, आणि तुम्ही सहाजणी चालत गेलात! मी विचारलं, "नावेतून?" तू म्हणालीस, "नाही ना अवो, पायी. पाणी मागं जाते." मी म्हटलं, "जातं कुठं?" तू पोळी लाटता लाटता म्हणालीस, "मले का सांगून जाते?"

तिथंच तू मला खोटी वाटायला लागलीस. म्हणजे वाईट अर्थानं नव्हे. माहेरची बढाई मारणाऱ्या बायका असतात, तशी तू सहलीची मारतेस, असं मी ठरवून टाकलं.

मग त्यात भर पडली. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे, म्हणालीस. खाऱ्या समुद्राच्या मधोमध! आणि वर, येताना एका खेकड्यानं तुझी चप्पल पळवली. आता तूच सांग, ज्या माणसानं आयुष्यभर संस्कृतच्या तासाला पोरांना प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द अशी ज्ञानाची प्रमाणं शिकवली, त्यानं यातलं काय गिळायचं?

पुरावा म्हणून तू फोटो दाखवलास. सहा पोरी, पायाखाली ओली वाळू, मागं काळी भिंत. मी तो भिंगाखाली धरला आणि निकाल दिला की हे पैनगंगेचं पात्र आहे आणि मागं कोणाची तरी गढी आहे. शिवाय तुझ्या साडीचा काठ गुडघ्यापर्यंत ओला. म्हणजे पाणी होतं. पाणी होतं, तर चालत गेलो हे खोटं. चालत गेलात, तर काठ ओला कसा? तू फोटो माझ्या हातातून काढून घेतलास आणि म्हणालीस, "तुमी वकील व्हायचे होते. मास्तर काहून झाले?"

तुझ्या भावाच्या लग्नात, धनजला, भर पंगतीत मी म्हणालो होतो, "हिला जपून वाढा, ही पाण्यावरून चालते." पंगत हसली. तूही हसलीस. तू हसलीस का गं? मला आता तेच विचारायचं आहे.

एकदाच चिडलीस. आपल्या दारात यात्रेकरूंची बस थांबली होती आणि मी त्यांना देवळाची वाट दाखवून आत आलो. तू म्हणालीस, "या गावात देव जमिनीले न टेकता बसला म्हणतात, तवा तुमी हात जोडता. दुरून दुरून आलेल्या लोकाईले रस्ता दाखवता. अन् घरच्या बाईनं सांगतलं का मी वाळूवरून चालत गेली, तं तुमाले हसू येते. वा रे पंडितजी."

मी म्हणालो, देवाची गोष्ट वेगळी. तू म्हणालीस, "हो, तो तुमचा सैपाक नाही करत."

 मी पेपर वाचायला घेतला.

आता अलिबागला का गेलो ते सांगतो. फिरायला नव्हे, हे तुला सांगायला नको. आपली ऋचा तिकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली, हे तू बघून गेलीस. तिच्या नोकरीला दोन वर्षं झाली. आता आपल्या जिल्ह्यात बदली मागायची संधी आली आहे, अर्जाची मुदत पंधरा दिवस. मी फोनवर दहा वेळा सांगितलं, भर. ती दहा वेळा म्हणाली, "बघते." शेवटी म्हणाली, "बाबा, मला इथं बरं वाटतं."

शालू, आपल्या वाशिमकडच्या मालेगाव तालुक्यातली पोरगी, जिनं मासळी फक्त पुस्तकात पाहिली, तिला कोकणात बरं वाटतं? मला वास आला. मासळीचा नव्हे, संशयाचा. म्हटलं, कोणीतरी आहे. सुट्टी टाकली, पिशवी भरली आणि निघालो. शेजारच्या जोशीकाकूंना सांगितलं, समुद्र बघायला चाललो. तुला कळलंच असतं की मी झडती घ्यायला चाललो होतो.

तिची खोली बघितली. दोन ताटं, दोन पेले. "दोन कशाला?" विचारलं. म्हणाली, "एक तुमचं आहे. काल आणलं." तरी मी मोरीतले ब्रश मोजले. एकच होता. तेव्हाही समाधान झालं नाही, उलट वाटलं, पोरगी हुशार आहे.

मग ती मला गाव दाखवायला घेऊन निघाली. जुन्या आरमारप्रमुखाची समाधी दाखवली, वेधशाळा बाहेरून दाखवली, कोकमाचं सरबत पाजलं. ते इतकं लाल होतं की मी दुकानदाराला विचारलं, रंग कोणता टाकता? तो म्हणाला, "देवाचा." मी पेला उन्हात धरून पाहिला. ऋचा दुसरीकडं बघत राहिली, अगदी तू बघायचीस तशी.

आणि मग समुद्र. आणि समुद्रात, हो, किल्ला.

तो दिसला मात्र, आणि मला काय झालं असेल सांग? आनंद. लाज वाटते लिहायला, पण आनंदच झाला. कारण किल्ल्याच्या चारी बाजूंनी पाणी होतं. असंतसं नाही. लाटा तटावर आपटत होत्या, नाव हेलकावे खात होती. मी मनात म्हणालो, बघ शालू, मी म्हणत होतो. कोण चालत जाईल यातून? सत्तावीस वर्षांचा खटला मी जिंकलो होतो आणि प्रतिवादी हजर नव्हती.

मग दुसरा विचार आला आणि तो काही आनंदाचा नव्हता. तू इथं आलीच नसशील, तर सहलीचे ते चार दिवस होतीस कुठं? बघ माझी जात! तू नाहीस, आणि मी वाळूत उभा राहून तुझ्या विसाव्या वर्षाची उलटतपासणी घेत होतो.

ऋचा म्हणाली, "बाबा, थांबा. पाणी जाईल."

"कुठं जाईल? धरण फुटलं का?"

एक घोडागाडीवाला ऐकत होता. म्हणाला, "काका, चारच्या पुढं या. गाडी किल्ल्यापर्यंत जाते."

मी म्हटलं, पाणी जाणार असेल तर गाडी कशाला? चालत जाऊ. तो म्हणाला, "जा की. पण वाटेत थोडं राहतं पाणी, पाय भिजतील. नंतर म्हणू नका सांगितलं नाही." म्हणजे हाही सामील, असं मी समजलो. प्रवाशाला चार तास बसवून ठेवायचं, नारळपाणी खपवायचं आणि मग म्हणायचं, आज काही गेलं नाही बुवा. मी ऋचाला हे सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही नारळपाणी पिऊ नका मग." आणि स्वतः पीत बसली.

भरती-ओहोटी मला माहीत नव्हती असं नाही. शब्द माहीत होते. मला वाटायचं, चार बोटं वर, चार बोटं खाली, आपल्या विहिरीचं होतं तसं. चंद्र पाहून समुद्र फुगतो, हे तर मी दरवर्षी वर्गात शिकवतो. त्याला मी अलंकार समजत होतो गं. तो खरंच फुगतो, आणि फुगलेला मग खरंच ओसरतो, हे तीस वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही.

साडेतीनला पाणी थोडं मागं सरकलं. मी म्हटलं, लाट आहे, येईल परत. आली नाही. मग एक काळा खडक वर आला. मग दहा. मग किल्ल्याच्या पायथ्याशी वाळूची एक पाठ निघाली, म्हशीची पाण्यातून निघते तशी. पावणेपाचला लोक चालायला लागले. म्हाताऱ्या, कडेवरची पोरं, नऊवारी खोचलेल्या बायका. समुद्रातून. पायी.

  तू असतीस तर बोलली असतीस, आणि तेवढ्यासाठी मी आणखी सत्तावीस वर्षं ऐकून घेतलं असतं.

न्यायशास्त्र म्हणतं, खरं बोलणाऱ्याचा शब्द हाही पुरावाच. मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. खरं बोलणारा कोण, असं पोरं विचारतात, तेव्हा ऋषीमुनींची नावं सांगतो. घरात पोळ्या लाटणारी एक बाई त्या यादीत बसते का, हे कधी तपासलंच नाही. सगळं तपासलं, तेवढं सोडून.

आणि एक लिहायचं टाळत होतो, ते लिहून टाकतो. तुझ्या शेवटच्या दिवाळीत तू म्हणालीस, "छातीत भरून आल्यावानी वाटून राह्यलं." मी काय विचारलं होतं, तुला आठवत असेल. मी विचारलं, "नक्की?" तू म्हणालीस, "राहू द्या, अपचन असंन." दवाखान्यात आपण दुसऱ्या दिवशी गेलो. डॉक्टर म्हणाले, एका दिवसानं फरक पडला नसता. शालू, आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाच्या तरी बोलण्यावर विश्वास ठेवायची फार इच्छा आहे, आणि जमत नाही.

किल्ल्यात गेलो. तुझी विहीर आहे. एका बाईनं कळशी ओढून ओंजळीत पाणी दिलं. मी आधी वास घेतला, मग जीभ लावली. गोड आहे. आपल्या बोअरपेक्षा गोड. बास, आणखी काय लिहू?

तिथंच कठड्यावर ऋचा म्हणाली, "बाबा, तुम्ही विचारून घ्या ना एकदाचं."

मी विचारलं, "कोणी आहे का इथं?"

"आहेत. एकवीस आहेत. पहिलीत." मग म्हणाली, "मी शाळेच्या गेटात आले की पळत येतात. आई गेल्यावर मी रजेवरून परत आले ना, तेव्हा कोळीवाड्यातल्या एकीनं मला विचारलं, बाई, तुमची आई पाण्यात गेली का? म्हटलं, हो. ती म्हणाली, मग येईल ओहोटीला." ऋचा पदराशी चाळा करावा तशी ओढणीशी चाळा करत होती. "मला इथं बरं वाटतं, बाबा. मी अर्ज भरत नाही. तुम्हाला घरी एकटं वाटतं हे माहीत आहे मला. तरी."

शालू, खरं तर माझा संशय तिच्यावर नव्हताच. मला ती परत हवी होती. संध्याकाळी घरात दुसऱ्या कोणाचा तरी आवाज हवा होता. एवढं सरळ मागता येत नाही, म्हणून माणूस ब्रश मोजतो.

माझ्या तोंडात तो शब्द आला होता. नक्की? ओठांपर्यंत आला. ऋचा माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला तो पाठ आहे. तूच तिला सांगून ठेवलं होतंस म्हणे, "तुह्या बाबाले बरं म्हणता येत नाही, नक्की का म्हणतात."

मी म्हटलं, "बरं."

ती इतकी दचकली की तिनंच मला विचारलं, "नक्की?"

मग तटावरून कोणीतरी ओरडलं, पाणी भरायला लागलंय, निघा. आम्ही निघालो. वाटेत पाणी आधी घोट्याला लागलं, मग पोटरीला. ऋचानं माझा हात धरला होता. किनाऱ्यावर येऊन मागं वळून पाहिलं तर वाळूची वाट अर्धी बुडाली होती, आणि पोरीच्या सलवारीचा काठ गुडघ्यापर्यंत ओला. तुझा तो सहलीतला फोटो परतताना काढला होता, नाही का? हे एक वाक्य तू तेव्हा सांगितलं असतंस तर? की सांगितलं होतंस आणि मी भिंगात बघत होतो?

तर आता ठरलं. ऋचा तिकडं राहील, मी इकडं. दर सुट्टीला मी जाईन आणि तिच्या खोलीत काही मोजणार नाही. तोच फोटो चौकटीत घालून बैठकीत लावला आहे. जो येईल त्याला सांगतो, ही आमची शालू, समुद्रातून चालत गेली होती. काल जोशीकाकू हसल्या. मी त्यांना वाळूची पुडी दाखवली.

एवढं वचन देतो: यापुढं कोणी काही सांगितलं, तर मी आधी "बरं" म्हणेन. बाकीचं नंतर, आणि मनात.

राहिला खेकडा. मी किनाऱ्यावर तासभर खेकडे बघितले. मोठ्यातला मोठा माझ्या अंगठ्याएवढा होता, आणि तो मला पाहून बिळात पळाला. तो चप्पल नेईल हे काही केल्या...

बरं. नेली असेल.

तुझाच,
पंडितजी