तुलनेचं रक्त

सोमवार, ५ फेब्रुवारी
दहाच्या सुमारास निपाणीला उतरले. हातात बॅग, आईनं दिलेली लोणच्याची बरणी आणि आयुष्यातल्या पहिल्या नोकरीचं पत्र. रक्त तपासायची लॅब स्टँडमागे, दोन खोल्यांची. मालक वृषभअण्णा हसतमुख आहेत. राहायला त्यांच्याच घरची माडी, जेवणही तिथेच. त्यांच्या पत्नी त्रिशलाक्कांनी एवढंच बजावलं की घरात दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. साडेपाचला जेवून पुन्हा लॅबवर जायचं.

खालच्या खोलीत अण्णांचे चुलते, पायगोंडा आप्पा. हृदयाची झडप बदललीय, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज. हायवेलगतची जमीन शाळेच्या नावे करायची म्हणतात, त्यावरून घरात जरा अबोला दिसतो. माझ्या गावची रताळी नावाजलेली, म्हणून मला म्हणाले, "उचगावची हाईस आणि रताळी आणली न्हाईस व्हय गं?"

गुरुवार, ८ फेब्रुवारी
नळी यंत्रात फिरवली की रक्ताचे थर होतात, ते बघायला मला अजून आवडतं. तळाला तांबड्या पेशी, वर पिवळसर पाणी आणि मधे पांढुरकी रेघ. त्या रेघेत पांढऱ्या पेशी आणि बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स. जखम झाली की आधी बिंबिका भोकावर जाऊन बसतात, मग पिवळ्या पाण्यातली प्रथिनं धागे विणून जाळं करतात. झाडलोट करणाऱ्या जयाबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, आमच्या गोधडीगतच की.

तो धागा किती सेकंदांत धरतो, ही तपासणी इथं एकट्या आप्पांची, दर गुरुवारी. सोबत तुलनेला निरोगी रक्त लागतं. त्याच्या सेकंदांनी आप्पांच्या सेकंदांना भागायचं. उत्तर दोन ते तीन हवं. अण्णा म्हणाले, "तुझंच घे की गं. हितं पहिल्यापास्नं असंच चालतंय." माझे बारा, आप्पांचे सव्वीस. उत्तम. छापील कागदावर फक्त भागाकार लिहून, सही करून बेळगावच्या डॉक्टरांना पाठवला.

गुरुवार, १५ फेब्रुवारी
माझे पंधरा, आप्पांचे सत्तावीस. भागाकार दोनच्या खाली. रक्त दाट होतंय म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली.

आक्का माझी फार काळजी घेतात. अशक्त दिसतेस म्हणून माझ्या ताटात रोज मुगाच्या कढणाची वाटी. बाकी कुणाच्या ताटात नसते. थोडं कडवट लागतं.

गुरुवार, २२ फेब्रुवारी
माझे एकवीस, आप्पांचे पस्तीस. पुन्हा दोनच्या खाली, पुन्हा गोळी वाढली. तपासणीचं औषध जुनं झालं असावं. अण्णांना विचारलं तर म्हणाले, थंडीचा परिणाम असतो.

दात घासताना तोंडभर रक्त आलं. दंडावर निळा डाग आहे. कुठं आपटल्याचं आठवत नाही.

शनिवार, २४ फेब्रुवारी
कपाटामागे जुनी वही सापडली. माझ्याआधी इथं क्षमा होती. ती राहायची माझ्याच खोलीत. तुलनेचं रक्त तिचं. बारा, चौदा, एकोणीस, सव्वीस. पुढची पानं कोरी.

तेव्हाही आप्पांची गोळी दोनदा वाढली होती.

अण्णांनी मला सांगितलं होतं, तिचं लग्न ठरलं. जयाबाई म्हणतात, नाकाला फडकं लावूनच गाडीत बसली.

सोमवार, २६ फेब्रुवारी
जयाबाईंचं रक्त लावून बघितलं. बारा सेकंद.

औषध चांगलं आहे. बिघडलंय ते माझं रक्त.

मंगळवार, २७ फेब्रुवारी
कढण मोरीत ओतलं. आक्का दारात उभ्या होत्या.

स्वयंपाकघरात खलबत्ता पालथा घातलेला. उचलून बघितला. कडेला गुलाबी भुकटी. आप्पांच्या गोळ्यांचा रंग तोच.

आप्पांना विष घालायची गरजच नाही. मला पातळ केलं की आप्पांचं रक्त कागदावर दाट दिसतं. मग डॉक्टरच गोळी वाढवतात. माझ्या सहीवर.

गुरुवार, २९ फेब्रुवारी
जयाबाईंचं रक्त तुलनेला. बारा. आप्पांचे बासष्ट. पाचपट.

डॉक्टरांना फोन केला. ते ऑपरेशनमध्ये. खरा आकडा चिठ्ठीवर लिहून जयाबाईंच्या हातात दिला, सरकारी दवाखान्यात पळा म्हटलं. अण्णा आले. वहीत जयाबाईंचं नाव वाचलं. हसले. माझा फोन खिशात घातला.

साडेपाच
घरी पळत आले, आप्पांसाठी. दुपारपासून त्यांच्या नाकातून रक्त वाहतंय. उशी भिजली. गोळी घेऊ नका म्हटलं. सगळं सांगितलं. नाक पुसत आप्पा म्हणाले,

"सही तुझीच न्हवं?"

त्यांच्या खोलीचं दार बाहेरून लागलंय. आम्ही दोघं आत.

सहा
खिडकीची काच फोडली, पण बाहेर गज. बोट कापलं. रक्त पाच मिनिटांत थांबायला हवं. वीस झाली. पानं चिकटताहेत—

आप्पा आता बोलत नाहीत. हात गार.

जयाबाई पोचल्या असतील तर—

आक्कांची पावलं. वाटीचा आवाज. दिवस मावळायला आलाय गं, म्हणतात दाराबाहेरून, पिऊन घे.

कडी काढताहेत—