न हलणारा सा

१२ ऑगस्ट, सायंकाळी ७.२०, सातारा. थेरेमिनवर सा धरून बसलो होतो.

आज सा हलला नाही. कोपर बरगडीला टेकवलेलं, बोटं मिटून अँटेनासमोर धरलेली, सगळं रोजच्यासारखंच. या वाद्याला हात लावायचा नसतो. हात अँटेनापासून किती लांब, त्यावर सूर ठरतो, म्हणून केसभर हललं तरी ऐकू येतं. रोज माझा सा हळूहळू वरखाली होतो. माझाच हात कापतो, असं वर्षभर धरून चाललो. अण्णाही खाटेवरून म्हणायचे, "आरं, वाजवतूयास का भूत उतरवतूयास? हात लाव की त्येला!"

अण्णांची खाट अँटेनाला लागूनच आहे. खोली एकच, दुसरीकडे जागा कुठे? ती खाट परवापासून रिकामी आहे. दादानं त्यांना सांगलीला दवाखान्यात नेलंय. तेव्हापासून वाद्याला आजच बसलो.

म्हणजे सूर हलवत होती ती अण्णांची छाती? श्वासाबरोबर वर, खाली. जवळचं कुठलंही शरीर सूर ओढतं, हे मला ठाऊक होतं. मग सुचलं कसं नाही?

मघाशी दादाचा फोन आला. "डॉक्टर म्हणत्यात, घरी न्या. आता हितं करण्यासारखं काय न्हाई. खाट झाडून ठेव."

आईनं चादर बदलली. वाद्य बाजूला घेऊ का विचारलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्यास्नी सवय हाय."

खाट होती तिथेच आहे. मी सूर जुळवायचं बटणही फिरवलेलं नाही. उद्या अण्णा आले की आधी सा धरणार.

तो हलायला हवा.