डब्यात पुन्हा कारलं

२ डिसेंबर
आज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. फिजिक्सच्या सरांनी हजेरीत 'फोर्टी सेव्हन' पुकारलं आणि पुढच्या बेंचवरच्या मेघानं मागं वळून पाहिलं. माझ्या तोंडून 'येस सर' निघेना. घसा बंद. हात थरथरायला लागले, शर्ट भिजला. सरांनी दोनदा पुकारलं आणि ॲबसेंट मांडली. मी समोर बसलेलो असताना. असा अपमान सहन करणारा मी नाय. बेंचला लाथ घातली, सॅक उचलली, निघून आलो.
निर्णय: बारावी सोडली. कॉलेजनं मला नाही, मी कॉलेजला.
हे प्रेम आहे. डिसेंबरात घाम दुसऱ्या कशानं येतो?

३ डिसेंबर
टाइमटेबल केलं. पाचला उठणे, जोर-बैठका, सेल्फ स्टडी आठ तास. बोर्डाच्या परीक्षेला डायरेक्ट जाऊन बसायचं आणि टॉप करायचं. मेघा पेढे घेऊन येईल. दिवाळीआधी माझा कॅल्क्युलेटर परत देताना तिनं कव्हर नीट घालून दिलं होतं. प्रेमाशिवाय कव्हर कोण घालतं?
उठलो साडेनऊला. थंडी होती.

५ डिसेंबर, सकाळी १०.१०
बाथरूममध्ये स्पष्ट ऐकू आलं. फोर्टी सेव्हन. नळ बंद केला. पुन्हा आलं. शेजारचा टीव्ही असणार.

९ डिसेंबर
आईचा डबा म्हणजे रोजचा ताप. गावाकडून, पिशोरच्या पहिल्या एसटीत कंडक्टर कारभारीकाकांजवळ देती. तो स्टँडवर जाऊन घ्यायचा, रिकामा संध्याकाळच्या गाडीला द्यायचा. आज इंद्रजीतला पाठवलं. रूममेट कशासाठी असतो? डबाही त्यालाच खायला दिला. प्रेमात भूक मरते. त्यानं बोटं चाटली, डबा घासून परत पाठवला. आईला कळायचं काही कारण नाही.

१४ डिसेंबर
आईचा फोन. कॉलेज कसं चाललंय? म्हटलं, टॉप. जेवतोस का? म्हटलं, डबा रिकामा येतो ना? ती गप्प झाली. रेंज गेली असेल.

१९ डिसेंबर
डब्यात कारलं. मी कारलं खात नाय हे अख्ख्या पिशोरला ठाऊक आहे. आई विसरायला लागली बहुतेक. इंद्रजीतनं संपवलं.

२० डिसेंबर
पुन्हा कारलं.

२३ डिसेंबर
कारलं. इंद्रजीत विचारतोय, तुझ्या आईचं मी काय वाकडं केलंय?
सेल्फ स्टडी उद्यापासून. खिडकीला पेपर चिकटवला. उजेडानं कॉन्सन्ट्रेशन जातं.

२९ डिसेंबर, सकाळी १०.१०
आता आवाज उशीच्या खालून येतो. फोर्टी सेव्हन. थोडा थांबतो. फोर्टी सेव्हन. मग कागदावर पेन घासल्यासारखं.
इंद्रजीत म्हणाला, हे प्रेमबिम काय नाय, तुला बरं नाय. आठ दिवस झाले, उंबरा ओलांडला नाहीस. माझं डोकं सटकलं. आरसा भिंतीवर आपटला. त्यात तसाही मी दिसत नव्हतो, दुसराच कोणीतरी माझं स्वेटर घालून बसला होता.

१ जानेवारी
नवीन वर्ष, नवीन टाइमटेबल. साडेपाचला उठणे. पाच जरा जास्तच होतं.
दुपारी उठलो.

१३ जानेवारी
हॉल तिकीट स्वतः सही करून घ्यायचं म्हणे. गेलो. उस्मानपुऱ्यातल्या रूमपासून पायी, छाती ठोकून. गेटवर वॉचमननं विचारलं, रोल नंबर? छातीत धडधड, पुढचं सगळं पांढरं झालं. परत आलो.
त्याचा बोलायचा टोनच बरोबर नव्हता.

१५ जानेवारी
इंद्रजीतजवळ मेघाला निरोप धाडला: तुझ्यासाठी करिअरला लाथ मारली. संध्याकाळी तो सांगेचना. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलला. ती म्हणाली, कोण अभय? रोल नंबर सांगितल्यावर आठवलं तिला. म्हणाली, त्या दिवशी त्याचे हात लई थरथरत होते, बेंच वाजत होता. त्याला दवाखान्यात नेलं का कुणी?
म्हणजे वळून पाहिलं ते बेंच वाजला म्हणून.
कॅल्क्युलेटरचं कव्हर काढून ठेवलं.

१६ जानेवारी
काही नाही.

१७ जानेवारी, सकाळी १०.१०
आवाजाऐवजी दार वाजलं. इंद्रजीत उघडून बाहेर गेला. आई. पहिल्या एसटीनं, डबा मांडीवर घेऊन आली. मी गोधडीत. सगळं ऐकू येत होतं. इंद्रजीतनं हात जोडून सांगितलं, काकू, महिना झाला कारलं खातोय. ती म्हणाली,
"लेकरा, ते तुझ्यासाठी नव्हतं. डबा चाटूनपुसून यायला लागला तवाच समजलं, माझा अभ्या जेवत नाय. त्याच्या डब्यात रोज काहीतरी उरतंच. म्हणून कारलं घालत व्हते. एक दिवस तरी तसंच माघारी येईल म्हणून."
मग दाराशी आली. विचारलं, "अभ्या, हायेस का आत?"
घसा बंद. हात सुरू झाले.
पुन्हा विचारलं. माझं ते तसंच.
सर दोनदा पुकारतात आणि पेन टेकवतात. आईनं तिसऱ्यांदा विचारलं.
"हाय," म्हटलं. फाटका निघाला आवाज, पण निघाला.
ती कॉलेजचं काही बोलली नाही. म्हणाली, आधी चार घास खा, मग सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरला दाखवू, केसपेपर दुपारपर्यंतच निघतो. डब्यात मेथी आणि भाकरी होती. अर्धी खाल्ली. उरलेली तिनं बघितली आणि पदर तोंडाला लावला. अर्ध्या भाकरीवर एवढं रडायचं काय होतं, कळलं नाही.

११.४०
आजचं टाइमटेबल: दारापर्यंत जाणे.
माझी चप्पल सापडेना, इंद्रजीतची घातली. एक नंबर मोठी आहे. आई जिन्यात उभी आहे, हाक मारत नाही, नुसती उभी आहे. निघतो. दार ओढून घेतलं की आतून कोणी पुकारलं तरी ऐकू येऊ नये.